चार पाऊण तीन

आमच्या शाळेच्या फळ्यावर उजव्या कोपऱ्यात रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असत. वर वार, तारीख, तिथी, पट, हजर. आणि त्याखाली ठळक अक्षरात, भरती दुपारी तीन, ओहोटी रात्री नऊ. शाळा समुद्रकाठी असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शाळा होती शेणव्याच्या पुढे, शहापूर तालुक्याच्या आत, जिकडे बघाल तिकडे डोंगर. वर्गातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नव्हता. मी कल्याणहून बदलून आले ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला. पहिल्याच दिवशी तो फळा पाहिला आणि मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस!

हे सगळं आमच्या हेडगुरुजींचं काम. शाळा दोन शिक्षकी, म्हणजे ते आणि मी. गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणे, मीही तेच म्हणत आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. ते का बाळगता म्हणून विचारलं तर म्हणाले, "नोकरी लागली तवाचं हाय. आता काय त्याला रिटायर करायचं?" पुढे मी असले प्रश्न विचारणं सोडून दिलं.

फळ्याचं मात्र विचारलं. तेव्हा ते पोरांकडे वळले. "आज तिथी काय रे?" पोरं ओरडली, "चतुर्थी!" "चार पाऊण?" "तीन!" "मग भरती कितीला?" "तीनला!" माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा बाई. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. तिथनं सहा तासांनी ओहोटी. कोळ्यांचा हिशोब हाय, कधी चुकत नाय. आणि पोरांची पाऊणकी फुकटात पाठ होते." पाऊणकी तोपर्यंत पुस्तकांतून कधीच गेलेली होती. आमच्या पोरांना ती यायची, आणि तीही समुद्राच्या निमित्ताने.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी फळा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीला उभं केलं आणि विचारलं, "काय गं, समुद्र कुठे आहे?" ती म्हणाली, "ठावं नाय सर. पण आत्ता तो खाली चाललाय." साहेबांनी शेरा काय लिहावा याचा बराच विचार केला. शेवटी 'विद्यार्थी बोलके आहेत' एवढं लिहून ते जीपमध्ये बसले. गुरुजींनी तो शेरा पोरांना वाचून दाखवला.

त्यांची दुसरी तऱ्हा होती पाण्याची. ठाण्याला जिल्हा परिषदेत मीटिंगला जायचं झालं की घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली बरोबर. ती संपली की संपली. उन्हाळ्यात दिवसभर तिथे बसून घशाला कोरड पडली तरी नळाचं पाणी तोंडात घालायचे नाहीत. चहासुद्धा नाही. बाकीचे शिक्षक चेष्टा करत. कोणी म्हणे सोवळं आहे, कोणी म्हणे पोटाचं दुखणं आहे. एका मीटिंगला मी खरंच वैतागले. जून महिना, पावसाचा पत्ता नाही आणि हे ओठ चाटत बसलेले. मी ग्लास भरून समोर ठेवला आणि म्हटलं, "गुरुजी, प्या मुकाट्याने. उद्या आजारी पडलात तर दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात पडतील." त्यांनी ग्लास दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवला. म्हणाले, "बाई, रागावू नका. हे पाणी मला चालत नाय." तोंडावर असं काही होतं की मी ग्लास उचलून परत नेऊन ठेवला. पण राग आला होता तो आलाच होता.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे त्यांची मे महिन्यातली यात्रा. सुट्टी लागली की दोन-तीन दिवस गुरुजी गायब. पाठीला पिशवी, पिशवीत घरचा तांदूळ, हातात खाद्यतेलाचा पाच लिटरचा पांढरा कॅन, बूच घट्ट लावून वर फडकं बांधलेलं. कॅनमध्ये तेल नसायचं, पाणी असायचं. जायचे कुठे, तर तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यात, पालघरच्या पलीकडे खाडीच्या तोंडावरच्या एका गावात. ते गाव कोणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. देवस्थान नाही, किल्ला नाही, लॉज नाही. शहापूरच्या स्टँडवर लोक डोळे मिचकावायचे, "गुरुजींचं तिकडं दुसरं घर हाय." काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कानावर हे गेलेलं होतंच. एका मे महिन्यात त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमी जावा की एकदा त्यांच्यासंगं. मला गाडी लागते, मी नाय जाऊ शकत. संशय नाय मला. पन बघून या, मानूस तिथं जाऊन करतो काय."

गुरुजी माझ्या वडिलांच्या वयाचे. मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, "जा, पण येताना बोंबील आण." अशी मी निघाले.

निघालो सकाळच्या पहिल्या गाडीने, पण समुद्राकडे नाही, आधी सापगावला. पुलाखाली गुरुजी नदीत गुडघाभर उतरले, एक विशिष्ट खडक होता तिथे गेले आणि कॅन बुडवून भरला. भरताना तळाची वाळू हाताने जराशी ढवळली. मी काठावर चपला सांभाळत उभी. विचारलं नाही, पण मनात म्हटलं, हा माणूस समुद्राला पाणी घेऊन चाललाय! मग एस.टी. बदलत बदलत भिवंडी, वाडा, मनोर. कॅन सगळा वेळ मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काका, खाली ठेवा की." तर म्हणाले, "नाय, असू दे."

वाड्याच्या स्टँडवर पुढच्या गाडीला दीड तास होता. तिथे, वडे खाता खाता, त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांची आई भातशेतीतच जन्मली, शेतीतच म्हातारी झाली. शहापूरच्या आठवडे बाजारात एक सुक्या मासळीवाली यायची, पालघरकडची. पावसाळ्याआधी घरोघरचा बोंबील, जवळा, सुकट तिच्याकडून. आईची आणि तिची गट्टी जमली. बाजारात आई तिच्या टोपलीपाशी तासभर बसायची आणि समुद्राच्या गोष्टी ऐकायची. कसा दिसतो, आवाज कसा येतो, रोज दोनदा कसा येतो आणि जातो. मासळीवाली म्हणायची, ये गो एकदा घरला. आई मुलाला म्हणायची, "मला दर्या दाखव रे. तिच्या गावाला नेऊन आन."

"मी म्हणायचो, नेतो. पुढच्या सुट्टीत नेतो," गुरुजी म्हणाले. "मग त्या सुट्टीत इलेक्शन ड्यूटी. पुढच्या सुट्टीत जनगणना. मग बहिणीचं लग्न. एकदा तर काहीच नव्हतं, नुसता कंटाळा केला. अशी बारा वरसं नेतो नेतो केलं हो. एका दिवसाची वाट हाय ही. तुमी बघताय ना, आपण दुपारी पोचू."

वैशाखात आई गेली. अस्थी सापगावच्या पुलाखाली सोडल्या, गावातल्या सगळ्यांच्याच तिथे सोडतात. गुरुजींनी स्वतःची समजूत घातली, आपण नेलं नाही पण नदी नेईल. नदी शेवटी समुद्रालाच जाते, हे तर आपण चौथीच्या पोरांना शिकवतो. दोन वर्षांनी त्यांनी शाळेची सहल काढली, नदीच्या खालच्या अंगाला, भिवंडीकडे, बंधारा आहे तिथे. बंधाऱ्यापासचं पंपिंग स्टेशन बघायला. तिथल्या ऑपरेटरने पोरांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, धरणातून सोडलेलं पाणी नदीतून इथवर येतं, इथून आपण उचलतो आणि मुंबई-ठाण्याला पाठवतो. उन्हाळ्यात तर एक थेंब खाली जाऊ देत नाही.

"पोरांनी टाळ्या वाजवल्या," गुरुजी म्हणाले. "मी विचारलं, वैशाखात पण नाय? तो म्हणाला, वैशाखात तर अजिबात नाय, गुरुजी. बाई, माझी आई नळातनं गेली. समुद्राकडं सोडली म्हणून मी सोडली, आणि ती गेली लोकांच्या टाक्यांत, मोऱ्यांत. म्हणून ते पाणी मला चालत नाय. कुनाला सांगू हे? हसतील."

मी हसले नाही. वडा माझ्या हातात तसाच राहिला होता. मीटिंगमध्ये त्यांच्यापुढे आदळलेला तो ग्लास आठवला आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्या खडकाच्या फटीत एखादा कण तरी अडकून राहिला असेल, असा त्यांचा हिशोब होता. म्हणून दरवर्षी आईच्या तिथीला, वैशाख वद्य चतुर्थीला, तिथली वाळू ढवळून एक कॅन पाणी नेऊन समुद्राला द्यायचं. त्यात कण असेल, नसेल. पण न्यायचं.

दुपारी उशिरा पोचलो. कोकण म्हणजे बंगले, बागा, माणसांची गर्दी, अशी माझी समजूत होती. इथे नुसती ताडाची झाडं, कौलारू घरं, आणि रस्ता संपतो तिथे खाडी. बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले. एक कुत्रं आमच्याबरोबर चालायला लागलं, ते शेवटपर्यंत राहिलं. जाळी विणणारा एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "आला का पानीवाला मास्तर?" गुरुजी म्हणाले, "आलो." त्या 'आलो'त जो आनंद होता, तो मी शाळेत कधी ऐकला नव्हता. दुसरं घर होतं ते खरंच. फक्त लोक समजत होते तसलं नव्हतं.

मासळीवाली मावशी तेव्हा सत्तरीची. खणखणीत आवाज, काळा कुळकुळीत रंग, हातात हिरव्या बांगड्या. तिने पहिली गोष्ट मला हीच सांगितली, गुरुजींच्या देखत, हसून हसून डोळे पुसत. "बाय, पयल्या साली ह्यो मास्तर आला ना, दुपारी बाराला खाडीवर गेला. हात जोडले, मंत्र म्हटले, पानी वतलं. मी मागनं बगतंय. वतल्यालं पानी समद्राकडं जायाच्या ऐवजी लागलं उलटं डोंगराकडं चालायला! मी म्हटलं, आरं मास्तर, भरती चालू हाय! तुजी आय परत घरला निघाली!"

गुरुजीही हसले. म्हणाले, "आमी नदीकाठची माणसं, बाई. पाणी वरनं खाली जातं, एवढंच आमाला ठावं. पाणी मागं फिरतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. रडायची वेळ आली होती." तेव्हापासून त्यांनी भरती-ओहोटीचा हिशोब मावशीकडून शिकून घेतला, आणि पुन्हा विसरू नये म्हणून रोज फळ्यावर लिहायला लागले. चार पाऊण तीन. तीनला भरती पुरी होते, मग पाणी फिरतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. गुरुजी सकाळपासून खाडीच्या तोंडाशी जाऊन बसले, तीन वाजायची वाट बघत. मी मावशीबरोबर अंगणात, बोंबील उलटवत होते. मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाय, तुला येक सांगू? त्याची आय आलती हितं."

मला वाटलं म्हातारीला भास होतोय. मी म्हटलं, "कुणाची आई?"

"मास्तरची. आलती. दोन दिस ऱ्हायली ह्याच घरात. मी तिकडं मुरबाडला म्हशाच्या जत्रेला दुकान लावायची ना, ती तिथं आली भावासंगं. मला म्हनाली, पोराला सवड नाय, मला तूच ने. जत्रा उठली तशी बसली माझ्या टेम्पोत, सुकटीच्या टोपल्यांमंदी. हितं आली, वाळूत बसली ती दिवसभर हलली नाय. पान्यात पाय घालून बसली. मी म्हटलं, काय गो, कसा वाटला? तर म्हनते काय, 'येवढं पानी, आन् येक आवन लावता येत नाय!'"

आवण म्हणजे भाताची रोपं. मी हसले आणि हातातला बोंबील तसाच खाली ठेवला.

"मग गुरुजींना का नाही सांगितलं?"

"तिनं शपत घातली ना. म्हनाली, पोराला कळलं तर जीवाला लावून घेईल, आपुन नेलं नाय म्हनून. तो नेनार हाय मला. तो आनील तवा मी पयल्यांदाच बगितल्यागत करीन. तू पन तसंच कर. मी म्हटलं, करीन. मग ती गेली, आन् शपत माझ्यापाशी ऱ्हायली. ह्यो कॅन घिऊन आला तवा त्वांडाशी आलतं माझ्या. पन त्याचं त्वांड बगितलं, आन् नाय बोलवलं." बोंबलांवरची माशी तिने हाताने उडवली. "आता मी थकले. मी गेल्यावर कुनाला तरी ठावं पायजे. तुला शपत नाय घालत. सांगायचं का नाय, तुजं तू बग."

माझं मी काय बघणार होते? मला तिचा रागच आला. इतकी वर्षं स्वतःला जमलं नाही, आणि मी काल आलेली, माझ्या डोक्यावर ठेवून मोकळी झाली.

तीनला आम्ही खाडीवर गेलो. पाणी काठोकाठ, आणि हलेना. गुरुजींनी एक वाळकं पान टाकलं. ते जागीच फिरलं, थांबलं, आणि मग हळूच समुद्राकडे सरकलं. तेव्हा त्यांनी कॅनचं बूच उघडलं. मंत्र वगैरे काही म्हटले नाहीत. पाणी ओतता ओतता म्हणाले, "जा गो आई. उशीर झाला." कॅन रिकामा झाल्यावर हलवून शेवटचा थेंबही पाडला. मी दोन पावलं मागे उभी होते आणि मला सगळं माहीत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं नंतर कितीदा वाटलं.

नाही बोलले. परतीच्या गाडीत रिकामा कॅन पायाशी ठेवून ते गाढ झोपले होते, लहान मुलासारखे. वर्षातून एकदा त्यांना अशी झोप लागत असणार. मी सांगितलं तर पुढच्या वर्षी ते येणार कशासाठी? आणि न सांगावं, तर हा माणूस जन्मभर तहानलेला बसणार. मला काही ठरवता येईना. काकूंना जाऊन सांगितलं, "देवाचं काम करतात हो ते तिथे." त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं." नवऱ्याला बोंबील दिले.

मग वर्षं गेली. माझी बदली झाली, गुरुजी निवृत्त झाले. फळ्यावरच्या वेळा नव्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी पुसल्या. मावशी गेल्याचं गुरुजींनी मला फोन करून कळवलं, "आपल्या मावशी गेल्या बाई, ओहोटीच्या वेळेला." त्यानंतरही त्यांचा कॅन जातच राहिला. मी दर वैशाखात पंचांग बघायची, चतुर्थीला तीन वाजता कुठेही असले तरी घड्याळाकडे नजर जायची. आणि दर वेळी ठरवायची, यंदा सांगायचं.

असाच एक मे महिना होता. त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा ठाण्याला नोकरीला, तिथल्याच हॉस्पिटलात गुरुजींना ठेवलं होतं. उन्हाचं निमित्त झालं होतं, मग लघवी कमी झाली, डॉक्टर म्हणत होते किडनीवर ताण आला आहे, भरपूर पाणी पाजा. "आणि बाबा पाणी पीत नाहीत, बाई," तो रडकुंडीला आला होता. "मी रोज गावाहून विहिरीचं आणतो, दोन कॅन. पुरत नाही. बिसलेरी आणून दिली तर बाटली फिरवून बघितली, म्हणाले, भिवंडीला भरलीय, हे पण तिथलंच. तुमचं ऐकतात ते. या ना."

मी गेले. खाटेवर गुरुजी इतके लहान दिसत होते! ओठांना भेगा. हाताला सलाईन. मला बघून हसले. म्हणाले, "हे चालतं मला, बाई. डॉक्टरांना विचारून घेतलं, मिठाचं पाणी हाय." मला हसू आलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर नळाच्या पाण्याचा जग तसाच भरलेला, वर ताटली झाकलेली.

मुलगा औषधं आणायला खाली गेला. गुरुजींनी मला जवळ बोलावलं.

"परवा चतुर्थी हाय. यंदा मला नाय जमत. तुमी जाल? सापगावचा तो खडक तुमाला ठावं हाय. वाळू जरा ढवळायची. आणि तीनच्या आधी वतू नका. पान टाकून बघायचं."

मी म्हटलं, "जाईन."

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "इतकी वर्षं नेतोय. बाई, खरं सांगा, एक कण तरी पोचला असंल का? का मी नुसतं नदीचं पाणी नेतोय?"

त्यांनी 'खरं सांगा' म्हटलं. मला वाटतं ते म्हटलं नसतं तर त्या दिवशीही मी गप्पच बसले असते. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "गुरुजी, आई पोचली होती. तुम्ही पाणी न्यायला लागायच्या आधीच." आणि सगळं सांगितलं. म्हशाची जत्रा, टेम्पो, सुकटीच्या टोपल्या, पाण्यात पाय घालून बसलेली. शपथ. एकही शब्द गाळला नाही, आवणाचा तर नाहीच.

गुरुजी सलाईनच्या नळीकडे बघत राहिले. मला वाटलं, मारलं मी ह्या माणसाला. मग त्यांनी विचारलं, शाळेत विचारायचे तसंच, "कोणत्या सालची जत्रा?" मला साल माहीत नव्हतं. ते स्वतःशीच आठवू लागले. "एकदा म्हशावरनं आली ती दोन दिवस पाय धुवू देईना. चुलीपाशी तशीच यायची. मी रागावलो होतो तिच्यावर. म्हटलं, म्हातारपणी घाण व्हायला लागलीस. ती नुसती हसली." त्यांनी मोकळा हात डोळ्यांवर ठेवला. "खारं पाणी होतं ते. पायाला. फसवलं मला म्हातारीनं."

ते रडत होते का हसत होते ते मला कळेना. मग हात काढला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "पण मी नाय नेलं, बाई. मी नेलं असतं तर तिनं पयल्यांदा बघितल्यागत केलं असतं. किती छान केलं असतं तिनं! तेवढं बघायचं ऱ्हायलं माझं."

खोटी समजूत घालायची नाही एवढं मला कळत होतं. मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता. गुरुजी तो आवाज ऐकत होते.

मग त्यांनी टेबलावरच्या जगाकडे बोट केलं.

मी म्हटलं, "ते नळाचं आहे, गुरुजी."

"ठाऊक हाय मला. द्या."

मी ग्लास भरला. थोडं चादरीवर सांडलं. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला, सलाईनची नळी ओढली गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. आधी एक घोट तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग डोळे मिटून सावकाश सगळा ग्लास प्यायले, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे केला.

"अजून एक द्या, बाई. फार तहान लागलीय."